नेब्रास्कातला एक जुना क्विल्ट आणि तो शिवणारी बाई

अमेरिकेत ज्या घरात हाताने शिवलेला जुना क्विल्ट, म्हणजे इथली गोधडी, असतो, त्या घरात त्याची एक कहाणीही असते आणि बहुतेक वेळा ती कहाणी क्विल्टपेक्षा जुनी निघते. मी नेब्रास्कातल्या लिंकन शहरात राहते. इथल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांच्या मंडळात बरीच वर्षं जाते आणि जुन्या क्विल्टांच्या नोंदणीत हातभार लावते. "हा आमच्या खापरपणजीने यादवी युद्धाच्या आधी शिवलाय" हे वाक्य त्यामुळे माझ्या चांगलं ओळखीचं आहे. शेजारच्या आजींनी त्यांच्या क्विल्टबद्दल तेच सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली आणि विचारलं, "आपण त्याची रीतसर नोंद करायची का?"

त्यांची कहाणी अशी. खापरपणजीने ओहायोत, १८५० च्या सुमाराला, लग्नाच्या आधी हा क्विल्ट शिवला. नंतर कुटुंबाला नेब्रास्कात जमीन मिळाली, तेव्हा तो छपराच्या घोडागाडीत घालून इकडे आणला. जमिनीची गोष्ट खरी असणार, कारण १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे मिळत होते आणि त्यासाठी ओहायो, इलिनॉय, आयोवाहून माणसं इकडे लोटली होती. घरात त्या खापरपणजीचा फोटो आहे, तिच्या हिमतीचे किस्से आहेत. क्विल्टही अर्थातच तिचाच.

नोंदणीची पद्धत साधी आहे पण सावकाशीने करायची असते. राज्यभरातल्या क्विल्टांची अशी पद्धतशीर नोंद पहिल्यांदा केंटकीत, अगदी अलीकडे म्हणजे १९८१ मध्ये सुरू झाली. मग एकेक करत इतर राज्यांनी ती उचलली. लोक आपापले क्विल्ट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणतात, स्वयंसेविका ते मोजतात, फोटो काढतात, अर्ज भरतात. आम्ही हे काम आजींच्या जेवणाच्या मोठ्या टेबलावर केलं. टेबलावर धुतलेली पांढरी चादर, हात साबणाने धुतलेले, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवलेलं, जवळपास चहा-कॉफी नाही. पेनही नाही, फक्त पेन्सिल.

क्विल्टचे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला टॉप, मध्ये पिंजलेल्या कापसाचं पातळ बॅटिंग, खाली अस्तर. तिन्ही थर धरून ठेवणारा जो धावदोरा, ते क्विल्टिंग. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थरच ऊब देतात आणि टाके बहुधा कडेने सुरू होऊन आत आत जातात. आईच्या गोधड्या पाहत वाढल्यामुळे टाका माझ्या ओळखीचा होता. छापील कापडावरून काळ ओळखायला मात्र मी इथे आल्यावर शिकले.

आजींचा क्विल्ट ७४ इंच रुंद आणि ८२ इंच लांब भरला. नमुना ओशन वेव्हज. बोटाच्या दोन पेरांएवढे काटकोन त्रिकोण, एक गडद, एक फिकट, असे शेकडो जोडून तिरक्या लाटा केलेल्या आणि त्या लाटांच्या मधोमध मळकट पांढरे कोरे चौकोन. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल दूर असलेल्या या गवताळ मुलखात असले क्विल्ट भरपूर सापडतात. शिवणारी त्याला ओशन वेव्हजच म्हणत असेल असं मात्र धरून चालू नये. एकाच नमुन्याला गावोगाव वेगळी नावं होती. १८९० च्या दशकात सेंट लुईसची लेडीज आर्ट कंपनी टपालाने नमुने विकू लागली, मासिकंही नमुने छापू लागली, तेव्हा कुठे नावं स्थिरावत गेली.

नमुना पाहताक्षणीच मला १८५० ची शंका आली होती. ओशन वेव्हज १८८० नंतर जास्त दिसतो. पण नमुना हा कच्चा पुरावा, खरी साक्ष कापडाची. नियम असा, की क्विल्टचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या कापडावरून धरायचं. चिंध्यांच्या पेटीत तीस वर्षांपूर्वीचा तुकडा सहज असू शकतो, पण जे कापड अजून गिरणीतून निघालेलंच नाही ते कुणाच्या पेटीत येणार? म्हणून आम्ही टोकाच्या एका ब्लॉकपासून, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या एका चौकोनापासून, सुरुवात केली आणि भिंग घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण पाहत गेलो.

तपकिरी आणि विटकरी छपाया खूप होत्या. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली मॅडर नावाची वनस्पती, तिच्या मुळांचा हा रंग. त्यातलं अलिझरीन १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केलं आणि पुढे मुळांची गरजच संपली. गडद निळीवर पांढरे ठिपके होते. गुलाबीवर गडद गुलाबी बारीक नक्षी होती, तिला इथे डबल पिंक म्हणतात. ही तिन्ही कापडं एकोणिसाव्या शतकात इतकी वर्षं चालली, की त्यांच्यावरून काही ठरत नाही. मग काळ्यापांढऱ्या बारीक नक्षीच्या राखाडी छपाया दिसू लागल्या, ज्यांना मोर्निंग प्रिंट, म्हणजे सुतकाची छपाई म्हणतात. त्यांच्या शेजारी गडद वाइनरंगी लाल. राखाडी, वाइन, गडद निळा आणि फिकट शर्टिंग ही सगळी जोडी १८९० नंतरच्या क्विल्टांत सर्रास भेटते. सुती कापडावर टिकणारा काळा रंग त्याच सुमाराला स्वस्त झाला होता.

सगळ्यात बोलका निघाला तो एक फिकट बदामी त्रिकोण. त्याची शिवण एका बाजूने उसवली होती. चिमट्याने कड अलगद उचलली तर शिवणीच्या आत दडलेली पट्टी चक्क लाल होती! म्हणजे कापड मुळात लाल, उजेडाने आणि धुण्याने वरचा रंग उडून बदामी झालेला. मॅडरचा पक्का टर्की रेड असा उडत नाही. १८८४ मध्ये काँगो रेड निघाला, रंगबंधक न वापरता सुतावर थेट चढणारा पहिला कृत्रिम रंग. त्याच्या पाठोपाठ असे बरेच स्वस्त रंग आले आणि त्यांतले कितीतरी टिकले नाहीत. हा नेमका कुठला रंग ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही, पण १८५० मध्ये हा त्रिकोण असणं शक्य नाही एवढं नक्की.

माझ्या मनात कसलीही घाई राहू नये म्हणून मी फोटो घेऊन इथल्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियममध्ये गेले. १९९७ मध्ये आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने आपले जवळजवळ ९५० क्विल्ट नेब्रास्का विद्यापीठाला दिले, तिथून हे संग्रहालय उभं राहिलं. साल शिवलेला किंवा शाईने लिहिलेला क्विल्ट आमच्यासाठी सोन्याच्या मोलाचा असतो, कारण बाकीच्यांना त्याच्या शेजारी ठेवून तपासता येतं. अशा साल असलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं की हा क्विल्ट १८९० ते १९०० या काळातला आहे.

परत येऊन पाठ तपासली. अस्तर साध्या मांजरपाटाचं, तीन पाट जोडलेलं. काठाला लावलेला गोट शिवणयंत्राने शिवलेला, बाकी सगळं हाताने. खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कापडांत, दोऱ्यांत आणि साबणांत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती या उजेडात निळसर पांढरी चमकतात. (जुनं कापड नव्या साबणाने धुतलं असेल तर तेही चमकतं, म्हणून एकट्या टॉर्चवर विसंबायचं नाही.) पूर्ण क्विल्ट मंद राहिला. फक्त एका कोपऱ्यातला वीतभर गोट लख्ख उजळला. आजी लगेच म्हणाल्या, "ते आईने केलं असणार. कुत्र्याने कोपरा चावला होता, मी शाळेत होते तेव्हा." अर्जात 'दुरुस्ती' या रकान्यात आईचं नाव गेलं.

एका ठिकाणी बॅटिंग बाहेर डोकावत होतं. त्यात सरकीचे बारीक काळे कण होते. आजींच्या पुतण्याने कुठेतरी वाचलं होतं, की सरकी दिसली म्हणजे कापूस हाताने वेचून साफ केलेला, म्हणजे क्विल्ट १७९३ च्या जिनिंग यंत्राच्याही आधीचा. ही समजूत इथे फार पसरलेली आहे आणि ती चूक आहे. यंत्रातून काढलेल्या हलक्या प्रतीच्या कापसातही सरकीचे तुकडे राहतात, विसाव्या शतकातल्या बॅटिंगमध्येही सापडतात. तसाच दुसरा समज म्हणजे बाया मुद्दाम एक तुकडा उलटा लावायच्या, कारण निर्दोष काम फक्त देवाचं. आजींच्या क्विल्टमध्ये एका लाटेत दोन त्रिकोण उलटे आहेत. ज्या बाईने दिव्याच्या उजेडात शेकडो त्रिकोण जोडले, तिचे दोन उलटे लागले तर त्याला देवाचं कारण कशाला हवं? आणि तिसरी कहाणी सगळ्यांत लोकप्रिय. गुलामगिरीतून पळणाऱ्यांना कुंपणावर वाळत टाकलेल्या क्विल्टांवरून गुप्त खुणा मिळायच्या, ही ती. सुटून आलेल्या माणसांनी लिहिलेल्या आत्मकथांत अशा खुणांचा उल्लेख सापडत नाही आणि अभ्यासक ती मानत नाहीत. मला या कहाणीचं जास्त वाईट वाटतं, कारण तिच्या गलबल्यात खऱ्या बाया मागे पडतात.

हॅरिएट पॉवर्स ही अशी खरी बाई. १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली. बायबलमधले प्रसंग कापडाच्या आकृत्यांनी मांडलेला तिचा क्विल्ट १८८६ मध्ये अथेन्स गावच्या जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिला आणि मागितला. पॉवर्सने विकायला नकार दिला. पुढे हलाखीचे दिवस आले तेव्हा १८९१ मध्ये तिने तो पाच डॉलरला दिला. नंतर ती तो पाहायला येत असे. स्मिथने त्यातल्या एकेका चित्राचा तिने सांगितलेला अर्थ लिहून ठेवला. तो क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि तो कुणी, काय मनात धरून शिवला हे आपल्याला कळतं ते त्या लिहिण्यामुळे.

आमच्यापुढे प्रश्न होता, १८९० च्या दशकात या घरात सुई कुणाच्या हातात होती? इथून काम कापडावरून कागदांवर गेलं. गावाबाहेरच्या दफनभूमीत खापरपणजीचा दगड आहे, त्यावर मृत्यूचं साल १८७८. तिचा प्रश्न तिथेच मिटला. १८९० ची जनगणना सगळ्यांत उपयोगी पडली असती, पण वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या आगीत तिचे बरेच कागद जळाले किंवा भिजले आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. वंशावळ शोधणारा प्रत्येक जण या आगीपाशी येऊन अडतो. मात्र १९०० ची जनगणना फार तपशिलाची आहे. तीत जन्माचा महिना आणि साल आहे, लग्नाला किती वर्षं झाली ते आहे, आणि प्रत्येक विवाहितेला विचारलेलं आहे की किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत.

त्या पानावर आजींची पणजी सापडली. जन्म १८६८, लग्नाला १३ वर्षं, मुलं सहा, हयात चार. त्याच घरात तिची एक अविवाहित नणंदही. ही पणजी १८८७ मध्ये लग्न होऊन आली, म्हणजे तिने सासूला डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. ती १९०७ मध्ये गेली. घरात तिचा फोटो नाही, किस्से नाहीत. मुलं लहान असताना गेलेल्या बाईचे किस्से सांगणार तरी कोण? तिने केलेली वस्तू हळूहळू, कुणाच्याही वाईट हेतूशिवाय, फोटोतल्या सासूच्या नावावर गेली.

वर्षंही सोपी नव्हती. १८९३ मध्ये देशभर बँका बुडाल्या, १८९४ मध्ये नेब्रास्कात भयंकर दुष्काळ पडला, पीक उभंच जळालं. रेल्वे आलेली असल्यामुळे छापील सुती कापड यार्डाला काही सेंटांत मिळत होतं, शिवाय शर्टांच्या आणि झग्यांच्या कात्रणांतून त्रिकोण निघतच होते. सुतकाच्या राखाडी छपाया बायका रोजच्या कपड्यांनाही वापरत, त्यामुळे त्या कापडावरून दुःखाचा अंदाज बांधायचा नसतो. मी तो बांधला नाही. पण सहातली चार, हा आकडा वाचून झाल्यावर त्या राखाडी त्रिकोणांकडे पाहताना मला गलबलून आलं, हे इथे लिहिते.

टाके मोजताना आणखी एक गोष्ट कळली. क्विल्टिंग पंख्यासारख्या कमानींचं आहे. चौकटीच्या कडेला बसून कोपर टेकवलं की हात जेवढा फिरतो तेवढी कमान खडूने आखायची, एकीमागे एक, असा हा प्रकार. एका बाजूच्या कमानींत इंचाला नऊ टाके, बारीक आणि एकसारखे. समोरच्या बाजूने आलेल्या कमानींत सहा, तेही थोडे वाकडे. दोन्हीकडचे टाके मध्यावर येऊन मिळतात. चौकटीच्या दोन बाजूंना दोन बाया बसल्या होत्या. नणंद-भावजया? असू शकेल. शेजारीणही असू शकेल. अर्जात मी 'किमान दोन हात' एवढंच लिहिलं.

आजींना हे सगळं सांगताना मला जड गेलं. खापरपणजीची कहाणी त्या लहानपणापासून ऐकत, सांगत आल्या होत्या. त्यांनी जनगणनेच्या पानाची प्रत पुढे ओढली, चष्मा लावला, पणजीच्या ओळीवर बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच बाईचे आभार मानत होते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिचं नाव मला नीट माहीतही नव्हतं गं."

क्विल्ट कुणी शिवला हे कशाला एवढं खणायचं, असं मला पुतण्याने विचारलं. त्याला मी १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातली गोष्ट सांगितली. सीअर्स कंपनीने देशव्यापी स्पर्धा ठेवली होती. मंदीचे दिवस, पहिलं बक्षीस १२०० डॉलर, सुमारे २४,००० क्विल्ट आले. बक्षीस मिळालं केंटकीच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांच्या क्विल्टला. स्वतःचं काम पाठवायचं असा नियम असताना त्यात केडन यांचा एक टाकाही नव्हता, तो मजुरीवर काम करणाऱ्या बायकांनी शिवला होता. त्यांना बक्षिसातलं काही मिळालं नाही. क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेला, पुढे त्याचा पत्ता लागला नाही. पुतण्या गप्प ऐकत होता. मग स्वतःहूनच पणजीच्या माहेरच्या गावाची कागदपत्रं शोधायला लागला. ते काम आता त्याच्याकडे आहे.

जपणुकीबद्दल थोडं सांगते, कारण घरी जुनं कापड असणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. आम्ही क्विल्ट धुतला नाही. ओल्या पांढऱ्या कापडाच्या बोळ्याने लाल तुकडा टिपला तर बोळा गुलाबी झाला, तिथेच धुण्याचा विचार सोडला. शिवाय भिजलेल्या क्विल्टचं वजन इतकं होतं की उचलताना जुने टाके तटातटा तुटतात. त्याऐवजी वर नायलॉनची जाळी धरून, व्हॅक्युम अगदी मंद ठेवून धूळ काढली. गडद तपकिरी त्रिकोण मात्र बरेच विरले आहेत. तो तपकिरी रंग बसवायला लोहाचा क्षार वापरत आणि तोच क्षार वर्षानुवर्षं धागा खात राहतो. म्हणून शेजारचा निळा तुकडा ठणठणीत आणि तपकिरीच्या चिंधड्या. घरच्यांची इच्छा होती की तिथे नवं कापड लावावं. मी हात जोडून नको म्हटलं. विरलेला तुकडा काढला की पुरावाही गेला. त्या तुकड्यांवर नवरीच्या ओढणीला वापरतात तसली झिरझिरीत जाळी ठेवून, कडेच्या शिवणीतून बारीक टाके घालून ती टाचली. हाताने पाहिलं तरच कळते.

ठेवायला सिडारची पेटी होती, पिढ्यान्‌पिढ्यांची. लाकडातून निघणारं आम्ल कापडाला पिवळे डाग पाडतं, म्हणून क्विल्ट तिच्यातून बाहेर आला. आता तो आम्लरहित कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर सैल गुंडाळून, वरून धुतलेलं मांजरपाट बांधून, घराच्या आतल्या भिंतीलगतच्या कपाटात आहे. प्लॅस्टिकची पिशवी कधीही नाही, आत दमट हवा कोंडते.

पाठीवर सुती फितीचं लेबल लावायचं होतं. मजकुरावर आमची बरीच चर्चा झाली. आजींना नुसतं पणजीचं नाव हवं होतं, मला 'बहुधा' हा शब्द हवा होता, कारण नणंदेचा हक्क नाकारायला आपल्याकडे आधार नाही. शेवटी दोघींची नावं गेली, 'बहुधा' राहिलं, आणि १८९० ते १९०० हा काळ. खापरपणजीची कहाणी आम्ही पुसली नाही. अर्जात घरातली आठवण लिहायला वेगळा रकाना आहे, तिथे घोडागाडीसकट ती पूर्ण लिहिली आणि खाली ती कुणी, कधी सांगितली तेही नोंदवलं.

त्या दिवशी अर्जावर सही झाली आणि आजींनी वरच्या खोलीतून दुसरा क्विल्ट आणला. त्यांच्या आईचा, १९३० च्या दशकातला, पिठाच्या आणि कोंबडीखाद्याच्या छापील पोत्यांचा. पोत्याची साखळी शिवण सोडल्यावर राहिलेली भोकांची रांग अजून काही तुकड्यांच्या कडेला दिसते. शंभर पौंडांच्या एका पोत्यातून यार्डभराहून थोडं जास्त कापड निघायचं आणि झग्यासाठी एकाच छपाईची पोती जुळवावी लागायची. आजींच्या मोठ्या बहिणी वडिलांबरोबर दुकानात जाऊन ती निवडायच्या, आईला त्याचे किस्से ठाऊक होते आणि आजींना ते आईकडून. कुठली छपाई कुणाच्या झग्याची हे त्या तुकड्यावर बोट ठेवून सांगतात. मी प्रत्येक ब्लॉकला नंबर दिला आहे, फोन रेकॉर्डिंगला लावते, आणि दर शनिवारी एकेक रांग पुढे सरकतो.